निकालापूर्वींचे दिवस

मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रांत छापून येत असे त्या काळीं, ज्या घरांतला मुलगा परीक्षेला बसलेला असे त्या घरांत आदल्या रात्रीं कोणालाच धड झोंप लागत नसे. पेपर लिहून झाल्याला महिने लोटलेले असत. उत्तरपत्रिकेंत जें उतरलें होतें त्यांत तिळमात्र फरक पडणार नव्हता. तरीहि तो मुलगा अंथरुणावर पडल्या पडल्या भूमितीचीं प्रमेयें मनांतल्या मनांत पुन्हा सोडवीत असे, आणि त्याची आई देवापुढील समईंत आणखी एकदां तेल घालीत असे. गोष्ट घडून गेलेली आहे, कोठेंतरी ती कागदावर लिहिलीहि गेली आहे, फक्त आपल्याला ती कळलेली नाहीं, ही अवस्था मनुष्याला फार जड जाते.

परीक्षेंत नापास झालेल्याला पुढचें वर्ष असतें. ज्या निकालानंतर पुढचें वर्षच नाहीं अशी समजूत होती, अशा एका निकालाची वाट गेल्या चाळीस वर्षांत जगांतील कोट्यवधि माणसांनीं पाहिली. तो निकाल एच्. आय्. व्ही.च्या रक्ततपासणीचा.

या रोगाचा इतिहास पुष्कळदां सांगितला जातो. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकांत लॉस एंजेलिस येथील ५ तरुणांना झालेल्या एका दुर्मिळ फुप्फुसदाहाची हकीकत छापली गेली, तेथून तो सुरू होतो. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें फ्रांस्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक माँतान्ये यांच्या गटानें विषाणु वेगळा काढला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत रॉबर्ट गॅलो यांनीं तोच या रोगाचें कारण असल्याचा पुरावा पुढें मांडला, आणि १९८६ सालीं त्याला एच्. आय्. व्ही. हें नांव ठरलें. या साऱ्या हकीकतींत एक प्रकरण मात्र बहुधा गाळलें जातें. रक्त दिल्यापासून निकाल कानीं पडेपर्यंतचे दिवस माणसांनीं कसे काढले, आणि ते दिवस मुळांत इतके लांब कां होते, हें तें प्रकरण होय.

१९८५ पूर्वीं या वाट पाहाण्याला अंतच नव्हता, कारण तपासणीच नव्हती. न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को या शहरांतील तरुण रोज सकाळीं आरशासमोर उभे राहून अंगावर जांभळट डाग उठला आहे कीं काय हें पाहात. मानेच्या व काखेंतल्या गांठी चांचपीत. रात्रीं घाम आला तर तो उकाड्याचा कीं रोगाचा, या विचारांत पहाट होई. विषाणु शरीरांत शिरल्यावर, उपचार न मिळाल्यास, रोग उघड व्हावयाला सुमारें १० वर्षें लागूं शकतात, हेंहि तेव्हां उमगलेलें नव्हतें. ज्याला कांहींच झालेलें नाहीं तो, आणि ज्याच्या रक्तांत विषाणु मुरलेला आहे तो, असे दोघेहि एकाच आरशासमोर सारखेच उभे होते.

२ मार्च १९८५ रोजीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें पहिल्या रक्ततपासणीला परवाना दिला. एलायझा या नांवानें ती ओळखली जाते. ती प्रत्यक्ष विषाणूला पाहात नाहीं. विषाणूशीं झुंजण्यासाठीं शरीर जीं प्रतिपिंडें तयार करतें, ज्यांना डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात, त्यांचा ती शोध घेते. तीं सांपडलीं कीं नमुन्याला रंग चढतो. ही तपासणी आली ती रक्तपेढ्यांसाठीं. बाटलींतलें रक्त निर्धोक आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न तिला विचारावयाचा होता. ज्याच्या दंडांतून तें रक्त आलें त्याच्या मनाचा विचार तिच्या रचनेंत कोठेंहि नव्हता. एखादी निर्दोष बाटली फुकट गेली तरी चालेल, पण सदोष बाटली सुटतां कामा नये, या हिशेबानें ती मुद्दाम संशयी ठेवलेली होती. बाटलीला हा न्याय ठीक आहे. माणसाला असा न्याय लावणें म्हणजे अनर्थ. म्हणून रंग चढलेला नमुना पुन्हा तपासावयाचा, आणि पुन्हा रंग चढला तर वेस्टर्न ब्लॉट नांवाच्या अधिक काटेकोर पद्धतीनें तो पारखावयाचा, असा क्रम ठरला. क्रम शहाणपणाचा होता, पण त्यांत दिवस जात.

केवळ तपासणी व्हावी म्हणून लोक रक्तदानाला येतील, ही भीति अधिकाऱ्यांना वाटली, व तिच्यापोटीं अमेरिकेंत १९८५ सालीं निराळीं तपासणी-केंद्रें उघडण्यांत आलीं. पुष्कळ केंद्रांत नांव विचारीत नसत. एक क्रमांक देत, आणि तोच क्रमांक घेऊन एक-दोन आठवड्यांनीं परत येण्यास सांगत. तेथें जावें कीं नाहीं यावरहि वाद होता. न्यूयॉर्कमधील गे मेन्स हेल्थ क्रायसिस या संस्थेनें आरंभीं तपासणी करून घेऊं नये असाच सल्ला दिला होता. रोगावर औषध नव्हतें. निकाल फुटला तर नोकरी, विमा व राहातें घर जाण्याचा धोका मात्र होता. जें कळून कांहीं करतां येत नाहीं तें कळून काय करावयाचें, हा प्रश्न त्या वेळीं भित्रेपणाचा म्हणतां येणार नाहीं. पहिलें औषध, ए. झेड्. टी., मान्य झालें तें मार्च १९८७ मध्यें, आणि तेंहि अपुरें होतें.

त्याच महिन्यांतली एक गोष्ट या प्रकरणांत सांगण्यासारखी आहे. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या पत्राचे बातमीदार रँडी शिल्ट्स या रोगाच्या पहिल्या वर्षांचा इतिहास लिहीत होते. ‘अँड द बँड प्लेड ऑन’ हें तें पुस्तक. लिहिण्याच्या काळांत त्यांनीं स्वतःचें रक्त तपासणीला दिलें, आणि पुस्तक पुरें होईपर्यंत निकाल सांगूं नये असें डॉक्टरांना बजावलें. निकालाचा रंग लिखाणावर चढूं नये हा त्यांचा हेतु होता. मार्च १९८७ मध्यें लेखन संपलें, आणि त्यांना सांगण्यांत आलें कीं विषाणु त्यांच्या रक्तांत आहे. फेब्रुवारी १९९४ मध्यें ते वारले. डॉक्टरला निकाल ठाऊक आहे आणि आपल्याला नाहीं, अशा स्थितींत शेंकडों पानें लिहिणें हें सर्वांना साधणारें नव्हे. पण शिल्ट्स यांच्यापाशीं दोन गोष्टी होत्या ज्या केंद्राच्या बांकावर बसलेल्या सामान्य माणसापाशीं नव्हत्या. एक, हातीं घेतलेलें काम. आणि दुसरी, निकालाची तारीख ठरविण्याची सत्ता. इतरांची वाट दुसऱ्यांनीं आंखलेली होती. यांची वाट त्यांनीं स्वतः आंखली होती.

आतां ती वाट इतकी लांब कां, तें पाहिलें पाहिजे. तिचे दोन भाग होते. एक शरीराचा आणि एक माणसांनीं घातलेला.

शरीराचा भाग असा. विषाणु शिरल्याबरोबर प्रतिपिंडें तयार होत नाहींत. त्यांना कांहीं आठवडे लागतात. तोंपर्यंत रक्तांत विषाणु असूनहि तपासणी ‘नाहीं’ म्हणूं शकते. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. तपासण्या सुधारत गेल्या तसा हा काळ आंखडत गेला. आज प्रतिपिंडांची तपासणी संसर्गानंतर २३ ते ९० दिवसांत तो ओळखूं शकते. शिरेंतून घेतलेल्या रक्ताची, विषाणूचा अंश व प्रतिपिंडें दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेंतील तपासणी १८ ते ४५ दिवसांत. आणि विषाणूच्या जनुकद्रव्याचा शोध घेणारी तपासणी १० ते ३३ दिवसांत. याहून घाई कोणाच्याहि हातीं नाहीं. तिसऱ्या दिवशीं, सातव्या दिवशीं, दहाव्या दिवशीं रक्त देऊन येणाऱ्या माणसाला दर वेळीं एक कागद मिळतो, पण त्या कागदाला आधार नसतो. पहिल्या दिवसांत करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. संसर्गाचा संभव घडल्यापासून ७२ तासांच्या आंत डॉक्टरकडे गेल्यास २८ दिवसांचा प्रतिबंधक औषधक्रम सुरू करतां येतो. हे ७२ तास पुष्कळजण नुसते काळजींत घालवितात, याची हळहळ वाटल्याशिवाय राहात नाहीं.

माणसांनीं घातलेला भाग याहून चमत्कारिक आहे. एलायझाचें प्रत्यक्ष काम कांहीं तासांचें. पण तिच्या एका तबकडींत ९६ खळगे असतात, आणि एकेका नमुन्यासाठीं तबकडी चालविणें परवडत नाहीं. म्हणून नमुने सांठेपर्यंत थांबावयाचें. मग ते दूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे, नोंदवहींत उतरवावयाचे, परत आलेले कागद जुळवावयाचे, आणि ठरलेल्या वारींच निकाल सांगावयाचा. पंधरा दिवसांतले बहुतेक दिवस रक्ताच्या परीक्षेचे नसून टपालाचे, कारकुनीचे व वेळापत्रकाचे होते. बांकावर बसलेल्याला हें कोण सांगणार? त्याला वाटे, उशीर होतो आहे त्या अर्थीं कांहींतरी वाईटच असणार. समुपदेशकानें नमस्काराला उत्तर देतांना डोळे खालीं कां वळविले, आपल्यामागून आलेल्याला आधीं कां बोलावलें, यांतून तो निकाल वाचूं पाही. पुष्कळ केंद्रांत निकाल चांगला असो वा वाईट असो, तो समक्षच सांगण्याचा नियम होता. टेलिफोनवरून फक्त चांगलाच निकाल सांगितला तर ‘प्रत्यक्ष या’ हे दोन शब्दच दुसरा निकाल सांगून मोकळे झाले असते. जुन्या पिढींत दारीं तारवाला दिसला म्हणजे तार उघडण्याआधींच घरांत रडें फुटे, त्यांतलाच हा प्रकार.

शब्दांचीहि गंमत, किंवा दैना, पाहाण्यासारखी आहे. शाळेंत मुलांना शिकविलें जातें कीं धन म्हणजे जमा आणि ऋण म्हणजे खर्च. येथें मात्र ‘पॉझिटिव्ह’ ऐकून लोक आनंदले, आणि ‘निगेटिव्ह’ ऐकून मटकन् खालीं बसले, असे प्रसंग समुपदेशकांना संभाळावे लागत. म्हणून ‘विषाणु आढळला’ किंवा ‘आढळला नाहीं’ असें सरळ वाक्य बोलणें केव्हांहि बरें.

या वाट पाहाण्यानें किती माणसें वाटेंतच गळालीं, याचा एक आंकडा अमेरिकेंत नोंदलेला आहे. १९९५ सालीं सरकारी खर्चानें चालणाऱ्या केंद्रांत ज्यांच्या रक्तांत विषाणु आढळला त्यांपैकीं शेंकडा २५, आणि ज्यांच्या रक्तांत आढळला नाहीं त्यांपैकीं शेंकडा ३३ लोक निकाल ऐकावयाला परत आलेच नाहींत. दुसरा आंकडा अधिक विचार करावयाला लावणारा आहे. तिघांपैकीं एकाची सुटका कागदावर लिहून तयार होती, आणि ती न घेतांच तो भीतीचें ओझें घेऊन हिंडत राहिला. त्यांतल्या कित्येकांना येणें जमलें नसेल, कित्येकांना धोका वाटला नसेल; परंतु कित्येकांना त्या दाराची पायरी चढवली नाहीं, हेंहि उघड आहे.

आफ्रिकेंतील मलावी देशाच्या खेड्यांत रिबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं २००४ सालीं याच गोष्टीचा प्रयोग केला. घरोघर जाऊन तपासणी केली, आणि निकाल कांहीं महिन्यांनीं गांवाजवळच्या तात्पुरत्या केंद्रांत ठेवला. कांहींना चिठ्ठी दिली, कीं निकाल घ्यावयाला याल तर एवढी रक्कम मिळेल. कांहींच्या चिठ्ठींत शून्य निघालें. ज्यांना कांहींच मिळावयाचें नव्हतें त्यांच्यापैकीं शेंकडा ३४ आले. रक्कम मिळणाऱ्यांचें प्रमाण सुमारें दुप्पट झालें; आणि आश्चर्य असें कीं दिवसाच्या मजुरीच्या दहाव्या भागाइतकी क्षुल्लक रक्कमहि पुष्कळांना दारापर्यंत आणूं शकली. केंद्र जितकें जवळ तितके लोक अधिक आले. एवढ्याशा पैशासाठीं कोणी आपलें प्राक्तन ऐकावयाला जात नाहीं. तो पैसा बहुधा सबबीचें काम करीत असावा. वाटेंत शेजाऱ्यानें ‘कोणीकडे?’ म्हणून विचारलें, तर सांगावयाला कांहींतरी मिळालें. ज्यांचें सारें आयुष्य चाळींत गेलें आहे त्यांना या ‘कोणीकडे?’चें वजन निराळें समजावून सांगावयाला नको.

अनिश्चितता वाईट कीं वाईट बातमी वाईट, हा प्रश्न शास्त्रज्ञांनींहि तपासला. न्यूयॉर्क येथें सॅम्युअल पेरी व त्यांचे सहकारी यांनीं तपासणीला आलेल्या माणसांच्या मनाची अवस्था निकालापूर्वीं व निकालानंतर मोजली, व १९९० सालीं ती प्रसिद्ध केली. ज्यांना विषाणु नाहीं असें कळलें त्यांची तगमग कमी झाली, यांत नवल नाहीं. परंतु ज्यांना विषाणु आहे असें कळलें त्यांची तगमगहि, दहा आठवडे लोटल्यावर, तपासणीपूर्वीं होती त्याहून वाढलेली आढळली नाहीं. या लोकांना समुपदेशनाचा चांगला आधार मिळालेला होता हें विसरतां कामा नये. एकट्या पडलेल्याची कथा याहून वेगळी असूं शकेल. कॅनडांत हंटिंग्टनचा रोग या आनुवंशिक व्याधीविषयीं झालेल्या व १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतहि असेंच दिसलें. चांगला निकाल मिळालेले आणि वाईट निकाल मिळालेले, दोघेहि वर्षभरानें, निकालाविना राहिलेल्यांपेक्षां मनानें अधिक सांवरलेले होते. वाईट बातमीला निदान एक आकार असतो. ती घेऊन डॉक्टरकडे जातां येतें, कोणाशीं बोलतां येतें. न कळलेल्या बातमीला आकार नसतो, आणि रात्रीं ती घराएवढी होते.

समुपदेशन नांवाची जी रीत या रोगाच्या निमित्तानें घडत गेली, तिची खरी कामगिरी या रात्रींच्या बाबतींत आहे. रक्त घेण्याआधींच समुपदेशक समोर बसवून दोन प्रश्न विचारूं लागला. विषाणु नाहीं असें निघालें तर पुढें काय कराल? आणि आहे असें निघालें तर पहिल्या संध्याकाळीं कोणाजवळ असाल? दुसऱ्या प्रश्नानें माणूस दचकतो खरा, पण ज्या दाराकडे पाहाण्याचें तो टाळीत होता तें एकदां उघडून आंत दिवा लावल्यासारखें होतें. उत्तर बहुधा एकाच माणसाचें असतें. एखादी थोरली बहीण, एखादा जुना मित्र. तें एकच माणूस पुरतें. पांचजणांना सांगितलें तर पांचजणांच्या चेहऱ्यांचीहि काळजी वाहावी लागते. निकालाची तारीख व वेळ लिहून द्यावी, ती चुकण्याचा संभव असल्यास तेंहि आधीं सांगावें, उशिराचा अर्थ वाईट निकाल असा नाहीं हें बजावावें, हे नियम साधेच आहेत. परंतु हजारों माणसांचे वाईट पंधरवडे पाहून ते काढलेले आहेत.

काळजी करूं नकोस, असें सांगून कोणाची काळजी कधीं गेलेली नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालीं एक निराळा उपाय मांडला. काळजीला रोज एक ठराविक वेळ व ठराविक जागा द्यावी, अर्ध्या तासाची. इतर वेळीं ती आली तर ‘तुझी वेळ सायंकाळीं’ म्हणून तिला परतवावें, आणि सायंकाळीं मात्र खुशाल तिला बसवून घ्यावें. उपाय ऐकावयाला पोरकट वाटतो. परंतु आपल्याकडील ज्या आजीबाईंनीं जपाची वेळ बांधून घेऊन बाकीचा दिवस पापड लाटण्यांत घालविला, त्यांना तो परका वाटला नसता. हातांना काम असावें, विशेषतः रात्रीं नऊनंतर. अंगावरील पुरळ, घसा, ताप यांचा दर तासाला तपास घेऊं नये. तीं लक्षणें शंभर साध्या कारणांनीं होतात, आणि त्यांच्यावरून या विषाणूचें निदान डॉक्टरलाहि करतां येत नाहीं. मनांत जीव देण्याचे विचार येऊं लागले तर मात्र निकालाची वाट पाहात बसूं नये. १४४१६ हा टेलि-मानसचा आणि १०९७ हा राष्ट्रीय एड्स साहाय्याचा, असे दोन्ही टेलिफोन क्रमांक आज भारतांत विनामूल्य आहेत.

भारतांत या वाट पाहाण्याची कथा थोडी निराळ्या जागीं सुरू होते, कारण येथें प्रारंभीं ज्यांचें रक्त तपासलें गेलें त्यांना आपण कशाची तरी वाट पाहात आहोंत हेंच ठाऊक नव्हतें. १९८६ सालीं मद्रासला डॉक्टर सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांची विद्यार्थिनी डॉक्टर निर्मला हिनें, सरकारी निवारागृहांत ठेवलेल्या वेश्याव्यवसायांतील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. सोय नसल्यामुळें ते तिनें स्वतःच्या घरच्या शीतकपाटांत ठेवले, आणि मग आगगाडीनें वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत नेले. कांहीं नमुन्यांना रंग चढला. अमेरिकेंतील तपासणींतहि तें खरें ठरलें. भारतांत विषाणु आल्याचा तो पहिला पुरावा. डॉक्टरीण बाईंचे धैर्य व चिकाटी वाखाणण्यासारखीं आहेत. त्या स्त्रियांचा निकाल मात्र आधीं देशाला कळला.

गोव्यांत याहून कठोर प्रसंग घडला. बार्देशांतील डॉमिनिक डिसोझा हे तरुण नेमानें रक्तदान करीत असत. त्यांच्या रक्तांत विषाणु आढळला. तें त्यांना कोणीं सांगितलें नाहीं. फेब्रुवारी १९८९ मध्यें पोलिसांनीं त्यांना बोलावून घेतलें, आणि त्या वेळच्या गोव्याच्या आरोग्य-कायद्यान्वयें म्हापसें येथील क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामांत पहाऱ्यांत ठेवलें. तेथें ते ६४ दिवस होते. त्यांच्या आई लुसी डिसोझा यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज केला. वकील आनंद ग्रोव्हर यांनीं तो चालविला. अंतरिम हुकमानें डॉमिनिक घरीं आले. या गलबल्यांत सक्तीच्या विलगीकरणाची तरतूद सैल झाली, परंतु कायदा न्यायालयानें रद्द ठरविला नाहीं. पुढें ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी करून डॉमिनिक मे १९९२ मध्यें वारले.

एका आईनें न्यायालयाचें दार ठोठावलें ही गोष्ट वृत्तपत्रांनीं घरोघर पोंचविली, आणि तिच्याबरोबर एक धास्तीहि पोंचली. आपलें रक्त आपल्या आधीं पोलिसांना बोलतें, ही ती धास्ती. त्यानंतर या देशांत निकालाची वाट पाहाणाऱ्याच्या मनांत रोगाच्या भीतीशेजारीं नोंदवहीची भीति येऊन बसली. हें नांव कोठें लिहिलें आहे? वॉर्डबॉयनें वाचलें असेल काय? कचेरींत कळलें तर? या दुसऱ्या भीतीवर औषध प्रयोगशाळेंत मिळण्याजोगें नव्हतें. तें कायद्यांतच मिळावयाचें होतें. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं कामाला समर्थ असलेल्या मनुष्याला केवळ एच्. आय्. व्ही. आहे म्हणून नोकरींतून दूर ठेवतां येणार नाहीं. त्या खटल्याचें नांवच ‘एम्. एक्स्. विरुद्ध झेड्. वाय्.’ असें आहे. न्याय मागणाऱ्याला आपलें नांव झांकून न्याय मागतां आला, ही निर्णयाइतकीच मोठी गोष्ट. २०१७ सालीं संसदेनें केलेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेला कायदा तपासणीपूर्वीं संमति, तपासणीच्या आधीं व नंतर समुपदेशन, आणि निकालाची गुप्तता या तिन्ही गोष्टी बंधनकारक करतो.

निकालापलीकडे काय आहे, यावरहि वाट पाहाण्याचा भार ठरतो. १९९६ सालीं तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति आली आणि ती मिळालेल्यांचे मृत्यु झपाट्यानें घटले. मात्र खर्च वर्षाला माणशीं १०,००० डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्यें मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनीं तींच तीन औषधें वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरांत, एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला देऊं केलीं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें निवडक रुग्णालयांत हीं औषधें फुकट देण्यास आरंभ केला, मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांपैकीं एक. २०११ सालीं १,७६३ जोडप्यांवर ९ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष बाहेर आला, त्यांत पुण्याचेंहि केंद्र होतें. लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला संसर्ग होण्याचें प्रमाण शेंकडा ९६ नें घटतें, असें त्यांत दिसलें. नेमानें औषध घेऊन ज्याच्या रक्तांत विषाणु मोजतां न येण्याइतका कमी झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाहीं, हें आतां मान्य झालेलें आहे. ज्याला आज विषाणु असल्याचें कळतें त्याला गोळी लागते. पण लग्न, मुलें व म्हातारपण यांचाहि विचार करतां येतो. १९८७ सालीं बांकावर बसलेल्याला हें कोणीं सांगितलें असतें तर त्यानें त्याला वेडा ठरविलें असतें.

तरीहि कांहीं माणसांची वाट संपतच नाहीं. ब्रिटनमधील डॉक्टरांना १९८० च्या दशकांतच असे लोक भेटूं लागले, कीं ज्यांच्या सर्व तपासण्या निर्दोष येत आणि तरी ते पुन्हा रक्त देत. निकालानें त्यांना चार दिवस बरें वाटे. पांचव्या दिवशीं नमुन्यांची अदलाबदल झाली असेल अशी शंका येई. बहुधा त्यांच्या पोटांत रोगाच्या भीतीहून जुनें कांहीं असे. एखादी चूक, एखादें खोटें, घरीं न सांगतां येणारी एखादी भेट. रक्तानें तिचा निवाडा होत नाहीं. विंडो पीरियड उलटून गेल्यावर विश्वासू केंद्राचा एक निकाल पुरेसा असतो; त्यानंतर अशा माणसाला सहावी तपासणी देण्यापेक्षां मनोविकारांच्या जाणत्या डॉक्टरकडे नेणें हाच खरा उपचार.

वाटेचा माणसांनीं घातलेला भाग दरम्यान आटतच गेला. नोव्हेंबर २००२ मध्यें अमेरिकेंत बोटाच्या टोंकांतील थेंबावर २० मिनिटांत उत्तर देणाऱ्या एका तपासणीला मान्यता मिळाली. भारतांतील सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रांतहि अशाच झटपट तपासण्या वापरतात. पहिलीनें ‘आहे’ म्हटलें तर निराळ्या बनावटीच्या आणखी दोन तपासण्या करून मगच निकाल सांगतात, आणि बहुधा हें सारें त्याच दिवशीं आटोपतें. पंधरा दिवसांची वाट एका सकाळींत मावली. टपाल गेलें, तबकडी भरण्याची वाट गेली, क्रमांकाची चिठ्ठी पाकिटांत घालून पंधरवडाभर हिंडणें गेलें.

जुलै २०१२ मध्यें अमेरिकेंत औषधांच्या दुकानांतून विकत घेऊन घरींच करावयाच्या पहिल्या तपासणीला परवाना मिळाला. हिरडीवरून एक काडी फिरवावयाची, ती नळींतल्या द्रवांत उभी करावयाची, आणि २० ते ४० मिनिटांनीं रेघा मोजावयाच्या. एक असेल तर विषाणूची खूण आढळली नाहीं, दोन असतील तर रुग्णालयांत जाऊन खातरजमा करून घ्यावयाची. समोर समुपदेशक नाहीं, बांक नाहीं. स्वयंपाकघरांतलें टेबल आणि भिंतीवरचें घड्याळ. हीं २० मिनिटें एकट्यानें काढणें किती कठीण जाईल, याची चर्चा परवान्यापूर्वीं पुष्कळ झाली. ती तपासणी बाजारांत आली तेव्हां तिच्याबरोबर एक टेलिफोन क्रमांकहि देण्यांत आला. तो रात्रंदिवस उघडा होता, आणि निकाल कळल्यावरच नव्हे, काडी नळींत उभी असतांनाहि त्यावर कोणाशीं तरी बोलतां येत असे.